पाय कोणाचे?

मुंगी हे तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी भावाने ठेवलं आणि लग्न झालं तरी ते सुटलं नाही. चणीने बारीक, दिवसभर इकडून तिकडे, आणि कोणी अंगावर पाय दिलाच तर कडकडून चावणार. नवऱ्याने ते नाव उचललं, त्याच्याकडून नणंदेने, आणि चपला-बुटांच्या शोरूममध्ये कामाला लागल्यावर तिथल्या बायकांनी. ‘मुंगीताई, काळ्यातला सहा नंबर आण गं’ अशी हाक पुरी व्हायच्या आत ती लोखंडी जिन्याने वरच्या गोदामात पोचलेली असायची.

शोरूम भर रस्त्यावर, कोपऱ्याची, दोन्ही बाजूंनी काच. काचेवर हातभर अक्षरांत लिहिलेलं: ‘दिवसभर चाला, थकवा विसरा.’ आत गिऱ्हाईक गुबगुबीत सोफ्यावर बसायचं आणि मुंगी त्याच्यासमोर गुडघ्यांवर. जुना बूट काढायचा, पाय मापाच्या पट्टीवर ठेवायचा, वर जाऊन खोकी आणायची, नवा बूट चढवायचा, अंगठ्याच्या टोकाशी दाबून विचारायचं, ‘टोचतंय का?’ मग गिऱ्हाईक आरशापुढे दोन फेऱ्या मारणार आणि म्हणणार, ‘ह्यातच तपकिरी आहे का?’ की पुन्हा जिना.

हे काम तिला आवडायचं. ते आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे कंपनीच्या वकिलाने तिला कामचुकार ठरवायचा बराच घाट घातला. एखादी नवरी मुलगी नवी चप्पल चावते म्हणून कुरकुरली, तर मुंगी म्हणायची, ‘नवं पायताण पहिले दोन महिने चावणारच, बाई. नवरापण चावतो. मग एक तर तो सैल होतो, नाही तर आपलं कातडं जाड होतं.’ मुलगी हसायची, तिची आई त्याहून जास्त हसायची, आणि जोड खपायचा. अशी होती ती.

पूर्वी काउंटरच्या मागे एक लाकडी बाक होता. गिऱ्हाईक नसलं की बायका आळीपाळीने टेकायच्या. शोरूमला नवं रूप दिलं तेव्हा बाक गेला. नव्या मॅनेजरचं म्हणणं असं की उभा माणूस तत्पर दिसतो आणि बसलेला माणूस आळशी. हा तत्त्वज्ञ स्वतः आतल्या खोलीत चाकांच्या खुर्चीवर बसून पडद्यावर सगळी शोरूम बघायचा. कॅमेरे छताला, कॅमेऱ्यांशेजारी बोलायचा भोंगा. कोणी भिंतीला नुसती पाठ टेकवली तरी वरून आकाशवाणी व्हायची.

बायकांनी कंपनीचीच पादत्राणं घालायची, तीही त्या हंगामात जे मॉडेल खपवायचं असेल ते. ‘तुम्ही चालत्याबोलत्या जाहिराती आहात,’ मॅनेजर म्हणायचा. त्या हंगामातलं मॉडेल पुढून निमुळतं होतं आणि टाच उंच. पायाची बोटं त्यात एकमेकांच्या उरावर बसायची.

शिवाय फोनवर कामाचा एक ग्रुप होता. दर आठवड्याला त्यावर नव्या ऑफरचं रंगीत चित्र यायचं आणि खाली मॅनेजरचा हुकूम: ‘सर्वांनी आपापल्या खात्यावर टाकावे. आपले कुटुंब आहे, आपल्या माणसांना सांगा. न टाकणाऱ्यांची नावे वर कळवली जातील.’ मुंगीच्या खात्यावर होतं कोण? मावश्या, मामेभावंडं, शाळेतल्या दोघी-तिघी, नणंद. भाचीच्या बारशाचा फोटो आणि त्याच्या खाली बुटांवर घसघशीत सूट. मावशीने एकदा विचारलंही होतं, ‘काय गं, तू दुकान विकत घेतलंस का?’

सेलचा शेवटचा दिवस होता. सकाळपासून शोरूममध्ये मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. जेवण उभ्यानेच, जिन्याखाली, चार घासांत. दुपार कलताना गर्दी जरा विरली आणि मुंगी एका म्हाताऱ्या गृहस्थांना बूट दाखवत होती. ते एका पायात नवा बूट, एका पायात मोजा असे विचारात पडले होते. मुंगीच्या पोटऱ्या थरथरायला लागल्या. शेजारी एक भरलेलं खोकं होतं. ती त्याच्यावर टेकली.

छतातून आवाज आला, ‘उठा! खोक्यावर बसलेल्या, उठा. गिऱ्हाइकं बघताहेत.’

मुंगी उठली. आणि गंमत अशी की तो म्हातारापण दचकून उठला. त्याला वाटलं आपल्यालाच सांगितलं. एका पायात बूट, एका पायात मोजा, बिचारा छताकडे बघत म्हणाला, ‘माफ करा हं, मला माहीत नव्हतं.’ कॅशवाली तोंडावर हात ठेवून हसली. मुंगीही हसली. पण बसमध्ये दांडीला लोंबकळत घरी येताना तिला त्या हसण्याचाच राग यायला लागला. आपल्याला कुत्र्यासारखं हाकललं आणि आपण हसलो.

घरी कोणी नव्हतं. नवरा फ्रिज आणि धुण्याची यंत्रं दुरुस्त करायचा, तो यायचा होता. तिने कपडेही बदलले नाहीत. स्वयंपाकघरात धुण्याचा टब उलटा घातला आणि त्याच्यावर पाय ठेवले. चप्पल काढली होती, पण तिचे वळ तसेच पायावर होते, लाल, खोल, जणू चप्पल अजून पायातच आहे. घोटे गायब. गणवेशाची निळी पँट, खाली पिवळी पट्टी, आणि पट्टीखाली भोपळ्यासारखे फुगलेले दोन पाय. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग फोन काढून एक फोटो घेतला आणि आपल्या खात्यावर टाकला. वर लिहिलं: ‘हे माझे पाय. सकाळी गेले तेव्हा असे नव्हते.’

बस. एवढंच. दुकानाचं नाव नाही, मॅनेजरचं नाही, तक्रार नाही, शिवी नाही.

मावशीने लिहिलं, मिठाच्या पाण्यात बुडव. शाळेतली मैत्रीण दवाखान्यात कामाला होती, तिने लिहिलं, उशीवर उंच ठेव. आणि मग नणंद आली. नणंदेचा जीव मोठा आणि जीभ त्याहून. तिने लिहिलं, ‘वहिनी!!! अजून बसू देत नाहीत का ते मेले? काचेवर लिहितात थकवा विसरा, स्वतःची माणुसकी विसरले वाटतं!’ आणि पुढे शोरूमचं नाव, अगदी शुद्ध. एरवी जिला ‘शुभेच्छा’ धड लिहिता येत नाही, तिने तेवढं एक नाव काना-मात्रा न चुकता लिहिलं.

नणंदेच्या मैत्रिणींनी तो फोटो पुढे पाठवला. औषधाच्या दुकानातल्या एका मुलीने त्याच्या खाली आपल्या पायांचा फोटो टाकला. मग एका कापडदुकानातलीने. मग सिनेमाच्या तिकीट खिडकीवरची, विमानतळावर सुगंधी बाटल्या विकणारी, कोणी कुठली. मुंगीला यातलं काही माहीतच नव्हतं, ती झोपली होती. सकाळी उठून बघते तर तिच्या दोन पायांच्या खाली पायांची ही रांग. सुजलेले, फोड आलेले, निळ्या शिरांचे. ती चहा गाळायचा सोडून नवऱ्याला म्हणाली, ‘अहो, बघा तरी. मला वाटायचं माझेच असे आहेत.’

शोरूममध्ये गेल्या गेल्या मॅनेजरने बोलावलं. ‘मुंगीला पंख फुटलेत म्हणे,’ तो म्हणाला, आणि हातात नोटीस दिली. ‘संस्थेच्या प्रतिमेस बाधा येईल असा मजकूर समाजमाध्यमावर प्रसारित केल्याबद्दल’ तिची चौकशी होणार होती.

चौकशी वरच्या मजल्यावर, गोदामाशेजारच्या खोलीत झाली. टेबलामागे मुख्य कचेरीतून आलेले मोठे साहेब, एचआरच्या मॅडम आणि मॅनेजर. तिघे बसलेले, तिघांपुढे चहा. चौथी खुर्ची होती, तिच्यावर नमुन्याच्या बुटांची खोकी रचलेली.

‘मी बसू का?’ मुंगीने विचारलं.

‘पाच मिनिटांचं काम आहे,’ मॅनेजर म्हणाला.

उभं राहून पाय सुजले म्हणून चौकशी, आणि चौकशी उभ्याने! तिथेच तिची कानशिलं तापली. मॅडमने फाइलमधून एक कागद काढून टेबलावर ठेवला. मुंगीच्या पायांचा फोटो, रंगीत, चांगला मोठा करून छापलेला. तिघेही त्याच्यावर वाकले. आपले पाय असे परक्या माणसांपुढे ताटात वाढल्यासारखे बघून तिला कसंसंच झालं. जणू भर सभेत कोणी आपल्याला मापाच्या पट्टीवर ठेवलंय.

‘हे पाय तुमचे आहेत?’ मॅडमने विचारलं.

‘हो.’

‘नक्की?’

‘जन्मापासून ओळखते त्यांना.’

मोठ्या साहेबांनी कागद उजेडाकडे धरला. ‘ही पँटची पट्टी. आपल्याच गणवेशाची ना?’

‘आपलीच, सर,’ मॅनेजर म्हणाला. ‘ह्याच वर्षीची.’

‘आणि हे वळ? चप्पल आपली आहे हे ओळखू येतं का?’

मॅनेजरने चष्मा वर केला, नाक कागदाला लागेल इतका वाकला, आणि म्हणाला, ‘येतं, सर. हा पुढचा निमुळता आकार, हा आडवा पट्टा. आपलंच मॉडेल.’

‘म्हणजे वळसुद्धा कंपनीचेच म्हणायचे,’ मुंगी म्हणाली. ‘मग माझं काय राहिलं? नखं?’

‘विचारलं तेवढंच बोला,’ मोठे साहेब म्हणाले. ‘गणवेशात असता तेव्हा तुम्ही कंपनीच्या प्रतिनिधी असता.’

‘घरी? माझ्या स्वयंपाकघरात, उलट्या टबावर?’

‘गणवेश अंगावर आहे तोवर.’

‘मग गणवेश उतरवेपर्यंतचा पगार द्या! बसमध्ये लोंबकळते तेव्हाचापण द्या.’

‘आणि खाली दुकानाचं नाव आहे,’ मॅडम म्हणाल्या.

‘ते मी नाही लिहिलं. नणंदेने लिहिलंय.’

‘तुमच्या पोस्टखाली आहे. तुम्ही काढू शकला असतात.’

‘माझ्या नणंदेचं तोंड तिच्या आईला बंद करता आलं नाही, मी कुठून करू?’ मुंगीचा आवाज आता चढला. ‘आणि मॅडम, त्याच खात्यावर दर आठवड्याला तुमचा सेल टाकते मी. माझ्या भाचीच्या बारशाच्या खाली तुमचे बूट आहेत. तेव्हा म्हणता आपलं कुटुंब, आपल्या माणसांना सांगा. माझ्या मावशीला मी तुमची सूट सांगायची, आणि माझे पाय दुखतात हे सांगायचं नाही? खातं माझं आहे की तुमचं, ते एकदा ठरवा ना!’

मोठ्या साहेबांनी चहाचा घोट घेतला. मग मॅडम कागदावर बोट ठेवून, अगदी शांतपणे, म्हणाल्या, ‘मला तर ही सूज खरी वाटत नाही. फोटोत वाढवलेली दिसते. आजकाल फोनमध्ये सगळं करता येतं.’

आत्तापर्यंत मुंगी बोलत होती. आता तिने बोलणं सोडलं. खाली वाकून कंपनीचं ते निमुळतं पायताण काढलं, टेबलाची कड धरली, आणि आपला उजवा पाय उचलून थेट टेबलावर, त्या छापील पायाच्या शेजारी ठेवला. कप हिंदकळले. मॅडमची खुर्ची चाकांवर मागे गेली ती भिंतीला लागून थांबली.

‘हा घ्या. फोन नाही, काही नाही. दाबून बघा. बोट रुततं का सांगा.’

‘पाय खाली घ्या!’ मोठे साहेब ओरडले.

‘का? आत्तापर्यंत वाकून वाकून बघत होतात की! कागदावरचा चालतो, खरा चालत नाही?’

पाय खाली घेतला तेव्हा तिची नोकरी जवळजवळ गेलेलीच होती. त्याच दिवशी निलंबन, आणि कागदावर आता दोन गुन्हे. पहिला फोटोचा. दुसरा, ‘वरिष्ठांसमोर टेबलावर पाय ठेवून घोर असभ्य वर्तन’. जिना उतरून खाली आली तेव्हा सगळ्या बायका आपापल्या जागी ताठ उभ्या, कोणी वर बघेना. फक्त कॅशवालीने तिची पिशवी आणून दिली आणि हात दाबला.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. दुसऱ्यांच्या घरी जाऊन दुसऱ्यांचीच यंत्रं उघडायची, ओरखडा उठला तर ऐकून घ्यायचं, यात त्याचा कणा कधीच वाकून गेला होता. तो म्हणाला, ‘अगं, एवढ्यासाठी कोणी नोकरी घालवतं का? फोटो काढून टाक. माफीचं लिहून दे. मुंगी होऊन साखर खावी म्हणतात ते काय उगाच?’

‘मुंगी झाले की जन्मभर!’ ती कडाडली. ‘साखर कुठाय? दाखवा मला. कुठाय साखर?’

नवऱ्याने उठून पाणी गरम केलं, तोच टब सरळ केला आणि तिच्या पायांपुढे आणून ठेवला. तिने पाय बुडवले, पण त्या दिवशी त्याच्याशी बोलली नाही.

नणंद फोनवर रडायला लागली. ‘वहिनी, माझ्यामुळे झालं सगळं. मी काढून टाकते ते.’

‘खबरदार काढलंस तर,’ मुंगी म्हणाली. ‘खोटं काय लिहिलंस तू? फक्त ते उद्गारचिन्ह एकेक देत जा, बाई. तीन-तीन काय द्यायची?’

आठवड्याने एचआरच्या मॅडमचा फोन आला. आवाज असा गोड की कानाला मुंग्या लागाव्यात. कंपनीला प्रकरण वाढवायचं नाही, म्हणाल्या. फोटो काढून टाकायचा, दिलगिरीच्या दोन ओळी द्यायच्या. ‘आणि एक छोटासा व्हिडिओ करा. आमची माणसं येऊन काढतील. नवं मऊ तळाचं मॉडेल आलंय. ते घालून तुम्ही चालायचं आणि म्हणायचं, आता माझे पाय दुखत नाहीत. तुमच्याच खात्यावर टाकू. लोक तुम्हाला ओळखतात आता, त्याचा सगळ्यांनाच फायदा.’

मुंगीने फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे बघितलं, जणू त्यातून काही तरी सरपटत बाहेर येणार होतं. म्हणजे पायांनी बदनामी होते म्हणून हाकलायचं, आणि त्याच पायांना नाव मिळालं तर ते भाड्याने घ्यायचे! ‘मॅडम,’ ती म्हणाली, ‘तुमची ती सूज वाढवलेली होती ना? खोट्या पायांवर खरा बूट कसा चढवणार तुम्ही?’ आणि फोन ठेवून दिला. त्यानंतर ती बराच वेळ भांडी घासत होती. घासून झालेलीही पुन्हा घासली.

नवऱ्याला हे कळलं तेव्हा पहिल्यांदाच त्याचं डोकं फिरलं. ‘व्हिडिओ?’ तो म्हणाला. ‘तुला नाचवायचं होतं की काय त्यांना?’ दुसऱ्या दिवशी तोच तिला एका वकीलबाईंकडे घेऊन गेला, ज्यांचा फ्रिज त्याने दोनदा दुरुस्त केला होता.

वकीलबाईंनी गोड काही सांगितलं नाही. ‘कायदा इथे सरळ चालत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘घरी बसून तुम्ही काय लिहावं हे मालक सांगू शकत नाही, असं मी म्हणेन. पण तुम्ही खोटं लिहिलं, कोणाला शिव्या दिल्या, गिऱ्हाइकाचा फोटो टाकला, दुकानातली गुपितं फोडली, तर तो बोलू शकतो, आणि बऱ्याचदा जिंकतोही. तुम्ही यातलं काय केलं?’

‘पाय टाकले.’

‘खरे?’

‘खरे.’

‘मग फोटोवर आपण भारी आहोत. टेबलावर नाही.’

मुंगीला वकीलबाईंचाही राग आला. ‘टेबलावर पाय ठेवला ते चुकलं म्हणता?’

‘चुकलं म्हणत नाही. महागात पडेल म्हणते. त्यांना फोटोवर तुम्हाला काढता येणार नाही, म्हणून ते टेबल धरून बसतील. मालक असेच असतात. चिडलेल्या माणसाला आणखी चिडवायचं आणि मग चिडला म्हणून काढायचं.’

आणि तसंच झालं. कामावरून काढल्याचं पत्र आलं, तिने कामगार कार्यालयात तक्रार केली, आणि तिथे अधिकाऱ्यांपुढे कंपनीचा वकील फोटोबद्दल कमी आणि टेबलाबद्दल जास्त बोलला. ऐकणाऱ्याला वाटावं, टेबलाचाच जीव घेतलाय कोणी. मुंगी कामचुकार, उद्धट, खोक्यावर बसताना पकडलेली. ‘उद्या प्रत्येक कामगार आपला एकेक अवयव दाखवायला लागला तर धंदा कसा करायचा?’ त्याने विचारलं. आणि पायांच्या सुजेबद्दल म्हणाला, ‘ती त्यांच्या वैयक्तिक प्रकृतीमुळे असणार. कामाशी तिचा संबंध नाही.’

वकीलबाई उठल्या. ‘सूज जर वैयक्तिक आहे, तर तिच्या फोटोने कंपनीची बदनामी कशी झाली? आणि बदनामी झाली म्हणत असाल, तर सूज तुमची आहे हे कबूल करा. दोन्ही कसं चालेल?’

अधिकारी इतका वेळ पेन चावत होते, त्यांनी ते तोंडातून काढलं.

मग कॅशवाली आली. आपल्या सुट्टीच्या दिवशी, गणवेश न घालता. मुंगीने तिला प्रथमच साध्या कपड्यांत बघितलं. तिचा आवाज इतका कापत होता की दोनदा पाणी द्यावं लागलं. पण तिने सांगितलं: जाहिराती स्वतःच्या खात्यावर टाकायला लावतात, न टाकणाऱ्यांची नावं वर जातात, आपलं नाव एकदा गेलं होतं. बाक काढला तेही सांगितलं. मॅनेजर समोर बसून तिच्याकडे एकटक बघत होता, आणि ती भिंतीकडे बघून बोलत होती.

निकाल आला तो असा: फोटो कामगाराच्या स्वतःच्या खात्यावरचा, त्यात खोटं किंवा अपमानकारक काही नाही, खालचा मजकूर दुसऱ्याचा, तेव्हा त्यासाठी शिक्षा करता येणार नाही. टेबलावर पाय ठेवणं मात्र शोभणारं नव्हतं. त्याची लेखी ताकीद. नोकरीवरून काढण्याइतका तो गुन्हा नाही, कामावर परत घ्यावं.

कंपनीचा वकील ताकीद मिळाली म्हणून असा खूश की जणू तोच जिंकला. सगळे उठायला लागले. मुंगी उठली नाही.

‘साहेब,’ ती अधिकाऱ्यांना म्हणाली, ‘आणि बसायचं काय?’

‘तो विषय या प्रकरणात नव्हता. त्याच्यासाठी वेगळा अर्ज करा.’

‘अहो, पण मुळात तोच तर विषय होता!’

अधिकाऱ्यांनी हात पसरले. वकीलबाईंनी तिचा दंड धरून तिला बाहेर आणलं, नाही तर तिथेही एखादं टेबल होतंच.

ती परत कामावर गेली त्या सकाळी मॅनेजरने सगळ्या बायकांना काउंटरपाशी उभं केलं आणि नवा नियम वाचून दाखवला. ‘गणवेशातील, अथवा गणवेशाबाहेर दिसणाऱ्या शरीराच्या कोणत्याही भागाचे छायाचित्र’ समाजमाध्यमावर टाकायचं नाही. खाली सह्या करायच्या. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. पहिली सही कॅशवालीने केली. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला होता, आणि भिंतीकडे बघून बोलायचं बळ माणसाला रोज रोज येत नाही. सही करून ती मुंगीला म्हणाली, ‘ताई, रागावू नकोस गं.’

‘तुझ्यावर?’ मुंगी म्हणाली. ‘तुझ्यावर कशाला रागावू? माझा राग एवढा स्वस्त नाही.’

तिची पाळी आली तेव्हा तिने कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि मॅनेजरला विचारलं, ‘शरीराचा कोणताही भाग म्हणजे तोंडपण आलं. मग माझ्या भाचीच्या बारशाचा फोटोपण काढून टाकायचा का? लाजू नका, सांगा. गणवेशाबाहेर माझं तोंड दिसतंच.’

‘वाद नको. सही करा.’

‘नाही करत. ह्याची एक प्रत द्या. वकीलबाईंना दाखवायचीय.’

प्रत मिळाली नाही. वर विचारावं लागेल, म्हणाला. तोवर दार उघडून एक बाई दोन मुलांना घेऊन आत आली आणि मुंगी मापाची पट्टी उचलून त्यांच्यापुढे गुडघे टेकून बसली. निदान तिथे बसायला कोणाची हरकत नव्हती.

बसायच्या जागेसाठीचा वेगळा अर्ज तिने केला. त्याच्यावर तिची सही आहे, कॅशवालीची नाही, कापडदुकानातल्या एका अनोळखी बाईची आहे, औषधाच्या दुकानातल्या त्या मुलीची आहे. अर्ज अजून कार्यालयात पडून आहे. शोरूममध्ये बाक आलेला नाही. मुंगीच्या पायांचा फोटो तिच्या खात्यावर तसाच आहे, आणि नणंदेचं ते वाक्यही, तिन्ही उद्गारचिन्हांसह.

लोक तिला म्हणतात, जाऊ दे आता, भांडणं किती दिवस धरून ठेवायची? परवा तिची मावशीच घरी आली होती, तीही म्हणाली, ‘झालं ना सगळं नीट? मिळाली ना नोकरी परत?’

मुंगी भाजी निवडत होती. तिने हातातली जुडी खाली ठेवली.

‘मिळाली म्हणजे काय, मावशी? कोणी बक्षीस दिली का? माझीच होती ती.’